सदतीसचा वाटा

५ सप्टेंबर

शिकून झालेली मुलगी परत कॉलेजात कशाला जाते? आईने हे मला बसमध्ये चढताना विचारलं. आईच्या मते शिक्षण म्हणजे गोवर. एकदा येऊन गेला की पुन्हा होत नाही. आमच्या घरात तो माझ्याआधी कुणाला झालेलाच नव्हता, म्हणून तिला काळजी. बाबांनी समजावलं, की अगं, तिला शिकायला नाही, शिकवायला ठेवलंय. त्यावर आई म्हणाली, मग तर जास्तच वाईट, म्हणजे लोकांच्या पोरांची जबाबदारी हिच्यावर! बस हलली तरी दोघं भांडत होती. बाबांच्या हाताला नेहमीसारखं गॅरेजचं ग्रीस होतं, त्यामुळे त्यांनी मनगटानेच हात हलवला.

विद्यापीठ शेवटच्या थांब्यावर आहे. घरं संपतात, मग फर्निचरची गोदामं, मग पेट्रोलपंप आणि मग हे फाटक. माझी खोली शिक्षक निवासाच्या दुसऱ्या मजल्यावर. कपाटाचं दार बंद राहावं म्हणून आधीच्या कुणीतरी त्यात उत्तरपत्रिकेची घडी खुपसून ठेवली आहे. खिडकीतून सायकलींचा स्टँड दिसतो. मुलं सायकलींवर बसून तासन्‌तास गप्पा मारतात, जात कुठेच नाहीत.

प्रथम वर्ष, संख्याशास्त्र, एका वर्षाचा करार. मी ठरवलं आहे, की माझ्या वर्गात एकही मूल नुसता क्रमांक म्हणून राहणार नाही.

८ सप्टेंबर

माझा पहिला तास; वर्ग जूनपासूनच चालू आहेत. सभागृह चार, उतरत्या बाकांचं. हिरव्या फळ्याशेजारी एक बुटकं दार आहे, त्याला कुलूप. आत मोडक्या खुर्च्या ठेवतात म्हणे.

यादीत अठ्ठावन्न नावं. नुसते क्रमांक पुकारणं मला आवडत नाही, म्हणून मी क्रमांक आणि नाव दोन्ही घेते आणि मान वर करून चेहरा बघते. दोघंजण लगेच लक्षात राहिले. अडतीस क्रमांकाची मुलगी इतकी लहानखुरी, की बाकावर फक्त कपाळ दिसतं. सगळे तिला मुंगी म्हणतात. चार रंगांच्या पेनांनी टिपणं काढते. तिच्याही घरात आधी कुणी कॉलेज पाहिलेलं नाही. हे तिने तास संपल्यावर येऊन सांगितलं आणि मीही माझं सांगितलं, तेव्हा आम्ही दोघी उगाचच हसत राहिलो. एकोणचाळीस क्रमांक म्हणजे ढोल्या, वर्गाचा विदूषक. सरासरी म्हणजे काय, असं विचारलं तर म्हणाला, मी आणि मुंगी मिळून होणारी दोन साधारण माणसं. उत्तर चूक नव्हतं.

मुलं बाहेर पडताना एक मुलगा खांदा चोळत होता. दुसऱ्याने विचारलं, किती? तो म्हणाला, एकच रे, रोजच्यासारखा. मागून एक मुलगी कुणाला तरी गळ घालत होती, की शुक्रवारी माझा वाटा आहे आणि त्याच दिवशी परीक्षा, बदल ना. खाऊ आणायच्या पाळ्या लावल्या असतील, असं मला वाटलं.

११ सप्टेंबर

सदतीस क्रमांकाला परवा मुलाचा आवाज आला होता, काल मुलीचा, आज तिसराच. मी डोकी मोजली. सत्तावन्न. म्हणजे एकजण रोज घरी बसतो आणि वर्ग पाळीपाळीने त्याची खोटी हजेरी लावतो.

मी चिडले नाही, पण बोलले मनापासून. म्हणाले, या बाकावर बसायला मिळावं म्हणून काही घरांनी काय काय केलं आहे ते मला माहीत आहे, आणि दुसऱ्याच्या नावाने 'हजर' म्हणणं ही त्या घरांची थट्टा आहे. मुंगीचे डोळे पाणावले. मग ढोल्या उभा राहिला. म्हणाला, मॅडम, बाकी सगळ्यांची बंद करा, फक्त सदतीसची राहू द्या. विनोद असेल म्हणून हसू उमटायची मी वाट बघत राहिले. कुणीच हसलं नाही.

दुपारी हजेरी विभागात गेले. तिथल्या कारकुनांना सगळे शाईकाका म्हणतात. हात मनगटापर्यंत निळे, आणि चालताना एक कूस दाबून धरतात. त्यांच्याकडून कळलं, की सदतीसचा मुलगा परीक्षेला बसत नाही, नाव काढून घेत नाही आणि हजेरी मात्र शंभर टक्के, म्हणून याद्या काढणारं यंत्र त्याला दरवर्षी पुन्हा प्रथम वर्षात, त्याच क्रमांकावर घालतं. किती वर्षं, असं विचारलं तर म्हणाले, बरीच. चालू द्या बाई, पोरं वाटून घेतात, त्यांना सवय आहे. मी म्हटलं, नाव कमी करायचा अर्ज द्या. त्यांनी दिला नाही. वर म्हणाले, नाव कमी करायला एक सही लागते, परत घालायला सात, तेव्हा जरा दमानं घ्या.

१४ सप्टेंबर

मी शाईकाकांना ओलांडून थेट विभागप्रमुखांकडे गेले. त्यांनी माझं कौतुक केलं. म्हणाले, इतक्या वर्षांत ही घाण काढायचं कुणाच्या मनात आलं नाही. अर्जावर माझी सही झाली. संध्याकाळी नवी यादी छापून आली. सदतीसचं नाव गेलं आणि खालचे सगळे एकेक घर वर सरकले. यादीत मध्येच रिकामी जागा ठेवत नाहीत म्हणे.

यादी भिंतीवर लावली तेव्हा मुंगी आनंदाने धावत आली. मॅडम, मी वर सरकले! मी आता सदतीस!

ढोल्या यादीसमोर बराच वेळ उभा होता. मग त्याने तिची सॅक उचलून घेतली. म्हणाला, आजपासून ही मी नेतो. एरवी तो स्वतःचीसुद्धा दुसऱ्याकडे देतो.

१५ सप्टेंबर

मुंगीने 'हजर' इतकं खणखणीत म्हटलं, की मीच हसले. बाकी वर्गाने माना खाली घातल्या होत्या.

जेवणाच्या सुट्टीत किंचाळी ऐकू आली. मुलींच्या प्रसाधनगृहात मुंगी बेसिनखाली मुटकुळं करून पडली होती. ओठ फाटून हनुवटीपर्यंत आला होता. एक दात फरशीवर. सदऱ्याच्या पाठीवर बुटांचे ठसे होते, एकावर एक. मी ते मोजले, कारण मोजणं मला येतं. चार वेगवेगळे तळवे, सगळे खिळ्यांचे, मैदानावर घालतात तसले.

दार आतून बंद होतं. ढोल्याने खांदा मारून फोडलं.

तिला टाके घातले तेव्हा मी हात धरून बसले होते. म्हणाली, मी आरशात बघून केस विंचरत होते. आरशात मी एकटीच होते. पण माझं तोंड थोबाडीत बसल्यासारखं एकदा इकडे वळत होतं, एकदा तिकडे. मग मला वाटलं, मार लागल्यामुळे तिला नीट आठवत नाही. घरी जा म्हटलं तर ऐकेना. हजेरी बुडेल म्हणाली. तुम्हीच सांगितलंत ना मॅडम.

१६ सप्टेंबर

ती आली. 'हजर' म्हणाली, सुजलेल्या ओठांतून.

पावणेबाराला जिन्यात. वर आणि खाली दोन्हीकडे मुलं उभी होती, सगळ्यांनी पाहिलं. ती पायऱ्या उतरता उतरता थांबली, तिचा डावा हात मागे वळला, कुणीतरी पिरगाळावा तसा, आणि वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. मग ती वरच्या पायरीपासून खालच्या पायरीपर्यंत, प्रत्येक पायरीवर वेगळी लाथ बसावी तशी, उडत खाली आली.

मुलांचं हे सांगणं मी मानलं नाही. मला वाटलं, सगळ्यांनी मिळून ठरवून सांगितलंय. सदतीसची सोय बंद झाली त्याचा राग या मुलीवर काढतायत. मी चार मुलांची नावं शिस्त समितीला दिली, मैदानावर खेळणाऱ्यांची. त्यातला एक रडत हसत होता. म्हणाला, मॅडम, तुम्ही जे नाव खोडलंत ते कुणाचं होतं हे एकदा तरी विचारायचं होतं.

मी विचारलं नव्हतं. प्रत्येक मुलाचा चेहरा बघणारी मी, मी ते नाव चार वेळा पुकारलं आणि ते कुणाचं आहे हे विचारलं नाही.

हाताला प्लास्टर घालूनही ती उद्या येणारच म्हणते, तेव्हा मुंगीला मी सांगितलं आहे, की उद्या पहिल्या बाकावर बस. माझ्या डोळ्यांसमोर तुला कोण हात लावतं ते मी बघते.

१७ सप्टेंबर

लिहायलाच हवं. पोलिसांना सांगितलं त्यापेक्षा नीट.

दार बंद होतं. मी तिच्या बाकाशी उभी होते, हाताच्या अंतरावर. छत्तीस. सदतीस. ती म्हणाली, हजर.

फळ्यामागे धावण्याचा आवाज झाला. बुटांचा. त्या मोडक्या खुर्च्यांच्या खोलीत चार पावलंसुद्धा धावायला जागा नाही.

पहिली लाथ पोटात बसली. मला लाथ दिसली नाही, तिचा सदरा आत गेलेला दिसला. ती बाकावरून उचलली गेली आणि फळ्यावर आदळली. मी तिच्यावर पडले, तिला अंगाखाली घेतलं. मला काहीच लागलं नाही. एकसुद्धा नाही. माझ्या अंगाखाली तिची हाडं मोडत होती आणि मला प्रत्येक हाड कळत होतं. ढोल्या ओरडत होता, मला मारा, मला मारा रे. तो हवेत गुद्दे घालत होता.

शेवटी डोक्यावर. तीन.

तिची पेनं सांडली होती. लाल कुठलं आणि —

पुढे नको.

१९ सप्टेंबर

ढोल्याला आणि आणखी एकाला पोलिसांनी नेलं होतं, कपड्यांवर रक्त म्हणून. रक्त माझ्याही कपड्यांवर होतं. सगळ्या वर्गाने एकच सांगितलं, कुणी हात लावला नाही. दोघांनाही संध्याकाळी सोडलं.

मुंगीची आई आली होती. माझ्यापाशी येऊन म्हणाली, तुमचं नाव रोज घ्यायची. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला तिथेच मरावंसं वाटलं.

विद्यापीठ म्हणतं, परीक्षा तोंडावर आहेत, सोमवारपासून तास सुरू.

भिंतीवर नवी यादी. मृत विद्यार्थिनीचं नाव यंत्राने आपोआप कमी केलं. खालचे एकेक घर वर.

सदतीस — ढोल्या.

मी यादी फाडली. दुसरी लावून गेले. तीही फाडली.

२१ सप्टेंबर

ढोल्याला घरी बसवलं. हजेरी घेतली नाही. हजेरीची वही खोलीवरच ठेवून गेले. वाटलं, पुकारलंच नाही तर —

दहा वाजून पाच मिनिटांनी फळ्यामागून कुणीतरी पुकारायला लागलं. एक. दोन. तीन. माझ्याच आवाजात. नाव घेऊन, थांबून, मी मान वर करते तेवढाच वेळ थांबून. मुलं रडत रडत 'हजर' म्हणत होती, न म्हणायची हिंमत होईना.

सदतीस. ढोल्याचं नाव. कुणी बोललं नाही.

मग बुटांचा आवाज वर्गातून दाराकडे गेला. वाटेतले दोन बाक उलटले. एका मुलीची बोटं त्याखाली चिरडली. दार आपलं आपण उघडलं.

अकरा वाजता ढोल्याच्या मोठ्या बहिणीचा फोन. सोफ्यावर बसून चहा पीत होता, सगळ्यांच्या मधे. कप दातांत फुटला. जबडा, तीन बरगड्या. जिवंत आहे. तो रुग्णालयात कागदावर लिहितो, बोलता येत नाही. त्याने मला एकच ओळ पाठवली. ते उद्या येतील की परवा ते सांगा मॅडम, आईला बाहेर पाठवून ठेवतो.

२२ सप्टेंबर

वर्ग भरू दिला नाही, शाईकाकांना गाठलं. आज विचारलं, जे आधी विचारायचं होतं.

चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तो मुलगा बुजरा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. खेळणाऱ्या चौघांनी त्याला फळ्यामागच्या खोलीत नेलं. गंमत म्हणून. मग गंमत थांबवता येईना. तीन दिवस येता-जाता मारत होते. वर्गात त्याची हजेरी दुसराच देत होता, म्हणून कुणी शोधलं नाही. कागदावर तो हजर होता.

तिसऱ्या दिवशी त्याचं नाव पुकारल्यावर दोन आवाज आले. एक बाकावरून, एक फळ्यामागून. वर्ग हसला. तेव्हाच्या शिक्षकांनी दोन्ही आवाजांना दम दिला आणि पुढचा क्रमांक घेतला. त्या रात्री तो आतच मेला, पण कागदावर हजरच राहिला.

बाकावरून कोण म्हणालं होतं?

मी, शाईकाका म्हणाले. मी छत्तीस होतो.

मग त्यांनी शर्ट उघडला. ती कूस — तिथे बरगड्या नाहीतच, नुसतं काळंनिळं मांस आहे. सुट्ट्यांमध्ये वर्ग भरत नाही. तेव्हा ते एकटे तिथे जाऊन त्याचं नाव घेतात आणि स्वतःच 'हजर' म्हणतात.

म्हणाले, बाई, नाव त्याचं होतं तोवर मार त्याचा होता. पोरं फक्त वाटा घ्यायची. दिवसाला एकजण, एक गुद्दा. मोठी मुलं धाकट्यांना सांगून जायची, की एवढं करा. तुम्ही नाव काढलंत. आता जो जिवंत त्या जागी येईल त्याला तो सगळा.

मी म्हटलं, मग शाईने परत लिहू. सात सह्या गेल्या खड्ड्यात.

लिहा, म्हणाले. चालेल. पण आठ दिवस त्याचा वाटा कुणी घेतलेला नाही. तो साठलाय. नाव घातल्यावर जो पहिल्यांदा 'हजर' म्हणेल त्याला तो सगळा. मग शर्टाची बटणं लावत म्हणाले, मी सकाळी नऊला येतो. माझंच काम आहे ते. तुम्ही फक्त लिहून ठेवा.

बटण त्यांना लावता येत नव्हतं. मी लावून दिलं.

यावर्षी निवृत्त होणार आहेत. एक गुद्दासुद्धा त्या कुशीला —

आणि नाव काढायच्या अर्जावरची सही त्यांची नव्हती, माझी होती.

२३ सप्टेंबर

सकाळचे आठ वीस. सभागृह चार. कडी आतून लावली आहे, वर बाक लोटला आहे.

हजेरीच्या वहीत लिहिलं. सदतीससमोरचं ढोल्याचं नाव खोडून त्याचं घातलं, पूर्ण, आडनावासकट, माझ्या उत्तम अक्षरात. ढोल्याला खाली नेलं.

पुकारलं. एक ते छत्तीस, रिकाम्या बाकांना. मान वर करून.

सदतीस म्हटलं. नाव घेतलं.

हजर म्हटलं.

झालं. मीच म्हटलं. आता दुसऱ्या कुणाला म्हणता येणार नाही.

शांत आहे. बुटक्या दाराचं कुलूप —

हलतंय.

दाराबाहेर शाईकाका. लवकर आले. धडका मारतायत. बाई, खोडा ते, अजून खोडा, म्हणतायत. उघडणार नाही.

कुलूप पडलं.

धावतायत —

पहिला कानावर. ऐकू येत नाही त्या बाजूने. लिहिते आहे. कुणीतरी वाचेल तेव्हा नाव खोडू नका. एवढंच. कृपा करून नाव —

उजवा हात गेला. डाव्याने. चौघं आहेत, आता दिसतात. वीस-एकवीसची पोरं. हसतायत, दमलीत. तोंडात रक्त, वहीवर

त्यांच्या मागे पाचवा आहे, सदतीस. अनवाणी. तो मारत नाही. तो चौघांच्या हाताखालून वाट काढतोय, माझ्याकडे तोंड करून, पाठ त्यांच्याकडे, माझ्या आणि त्यांच्या मध्ये तो —